मांडीतलं कलम

दादाच्या उजव्या मांडीत वाटाण्याएवढं मूत्रपिंड लावलं, त्या दिवशी हर्षदाच्या लक्षात आलं की सूड घ्यायला हात उगारावा लागत नाही. पाठीमागची उशी सारखी केली तरी पुरतं.

सांगलीच्या त्या डायलिसिस केंद्रात डॉक्टर तमन्ना मुजावर मांडीचं प्लास्टिकचं मॉडेल हातात घेऊन दोघा भावंडांना समजावत होत्या. रोज कुणाला ना कुणाला त्या हेच सांगत असणार, पण कंटाळलेल्या अजिबात दिसत नव्हत्या.

"शेडबाळे सर, तुमच्याच कातडीच्या पेशी घेतल्या. त्यांना प्रयोगशाळेत मूत्रपिंडाच्या पेशी व्हायला शिकवलं, आणि त्यांचा हा एवढासा गोळा मांडीच्या स्नायूत बसवला. आम्ही त्याला कलमच म्हणतो. आंब्याचं कलम करताना नुसती फांदी चांगली असून चालत नाही. बुंध्यातला रस तिच्यात चढायला लागतो."

"म्हणजे रक्त," दादा म्हणाला.

"रक्त. आणि ते पोचवायला नव्या केशवाहिन्या. आता त्या फुटतात कशा? स्नायू आकसतो, सैल होतो, पुन्हा आकसतो, तेव्हा तो स्वतःच काही रसायनं सोडतो. त्या रसायनांचा निरोप एकच असतो, इथं काम चाललंय, रक्त पाठवा. निरोप मिळत राहिला तर वाहिन्या फुटतात, कलम धरतं, आणि वर्षभरात मशीन सुटू शकतं. नाही मिळाला, तर शरीर त्या गोळ्याभोवती जाड कवच करतं. रुतलेल्या काट्याभोवती करतं ना, तसं. मग आतला जीव गुदमरतो."

"चालायचं किती?"

"दमाल इतकं. पडाल इतकं नाही. आणि ह्या सुरुवातीच्या महिन्यांतच. नेमकं ह्याच महिन्यांत माणसं आडवी होतात हो! थकवा खोटा नसतो. पण त्यातला बराचसा आडवं पडल्यानंच वाढतो." मग त्या हर्षदाकडे वळल्या. "त्यात घरचे लोक. आपल्याकडे आजारी माणसाला कुणी उठू देत नाही. पाणी हातात, ताट पुढ्यात. सेवा वाटते त्यांना ती! म्हणून घरातलं कुणी सोबती व्हायला तयार असल्याशिवाय मी कलम लावतच नाही. ताई, तुम्ही ह्यांच्या सोबती. ह्यांना चालवणं तुमच्याकडे."

कलमाशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा एक संवेदक बसवला होता. मांडीनं काम केलं की तो सोबतीच्या फोनवर आणि केंद्राला कळवी. फोनवर झाडाचं एक पान दिसे. मांडी चालती असली की हिरवं, नसली की पिवळं, मग तपकिरी. हात हलवून किंवा पाय झुलवून त्याला फसवता येत नसे.

"चालवीन," हर्षदा म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की डॉक्टरांनी समाधानानं मान हलवली.

शशिकांत शेडबाळेनं जयसिंगपूरच्या एका शाळेत जन्मभर पीटी शिकवली होती. लग्न केलं नाही. मैदान हाच त्याचा संसार. रक्तदाब वाढला तेव्हा गोळी घेणं त्याला कमीपणाचं वाटलं. "व्यायाम करणाऱ्याला कसला बीपी," म्हणत त्यानं तो अंगावर काढला, आणि दाबानं मूत्रपिंडाच्या गाळण्या एकेक करून फोडल्या. निदान झालं तेव्हा फार उरलं नव्हतं. हर्षदानंच त्याला आपल्या घरी आणलं. गल्ली थक्क झाली. एवढं होऊनही बहिणीनं भावाला जवळ केलं म्हणून बायका पदर डोळ्याला लावत होत्या.

एवढं म्हणजे जुई.

जुई हर्षदाची मुलगी. मामाच्याच शाळेत सातवीत होती. मार्चमधली दुपार होती, सरावाला उशीर झाला म्हणून शेडबाळे सरांनी सगळ्या वर्गाला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. जुई नुकतीच तापातून उठली होती. पाण्याच्या टाकीपाशी ती थांबली.

"मामा, मला बसू दे ना."

"मैदानावर मी मामा नाही. पळ."

पुढच्या फेरीला ती टाकीपाशीच पडली आणि उठली नाही. ताप आणणाऱ्या विषाणूनं तिच्या हृदयाचा स्नायू सुजवला होता. ताप उतरला तरी अशी सूज मागे राहते. तिच्यावर औषध म्हणजे विश्रांती, आणि श्रम म्हणजे विष. हे नंतर एका डॉक्टरनं सांगितलं. काय बोलणं झालं ते जुईच्या मैत्रिणीनं दिवसकार्याला येऊन हुंदके देत सांगितलं. पण नातेवाइकांनी दादाचेच खांदे थोपटले. तुमचा काय दोष, सर, नाजूकच होती पोर. दोन वर्षांनी शाळेनं त्याचा निरोप समारंभ केला, शाल घातली, शिस्तीचं कौतुक केलं. हर्षदाच्या नवऱ्यानं नागपूरला बदली मागून घेतली. त्याला ते घर सोसेना. हर्षदाला सोसत होतं असं नाही, पण ती कुठं जाणार होती? तिला दादा दिसत राहायला हवा होता.

जिला बसायचं होतं तिला त्यानं पळवलं होतं. आता ज्यानं चालायला हवं होतं, त्याला ती बसवणार होती.

सुरुवात त्याच्याच शरीरानं करून दिली. पहिल्या आठवड्यात डायलिसिस उरकून केंद्राबाहेर पडताना दादा झटकन उठला आणि दारातच कोसळला. मशीन रक्तातलं साठलेलं पाणी काढून घेतं, दाब खाली येतो, अशा वेळी हळू उठायचं असतं. लागलं काहीच नाही. पण आयुष्यात कधी न पडलेला माणूस पडला होता, तेही चार नर्सेससमोर.

"उद्यापासून चाला हं, सर," डॉक्टर म्हणाल्या. "ह्याला घाबरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दादा पायरीवर बसून चप्पल घालत होता. हर्षदा खाली वाकली आणि तिनं ती त्याच्या पायातून काढून घेतली.

"आज नको. तोंड बघ कसं उतरलंय."

"डॉक्टर म्हणाल्यात की."

"डॉक्टरांना काय, तू पडलास तर उचलायचं मला आहे. चल, आत बस. चहा देते, तुझ्या मापाचा."

तो तिच्याकडे क्षणभर बघत राहिला. मग भिंतीला धरून आत गेला आणि बसला.

त्यानंतर तिला फारसं काही करावं लागलं नाही. तिनं खिडकीपाशी पाठ टेकायची मोठी खुर्ची मांडली. पाणी, गोळ्या, वर्तमानपत्र सगळं हाताच्या अंतरावर. आंघोळीचं पाणी खोलीतच. तो उठू लागला की ती दारात उभी. "काय हवंय? मी आणते की." बाकीचे सगळे नियम तिनं अक्षरशः पाळले. भाज्या चिरून, उकळून, त्यातलं पाणी ओतून द्यायची, म्हणजे पोटॅशियम निघून जातं. मीठ मोजून, पाणीही पेल्यानं मोजून. डायलिसिसच्या दिवशी वेळेवर बिनचालकाची रिक्षा दारात. शेजारच्या मालूकाकी शहाळं घेऊन आल्या तेव्हा तिनं ते दारातच अडवलं.

"काकी, ह्यात पोटॅशियम फार. हृदय थांबेल त्याचं."

"अगं बाई! शहाळ्यानं कुणाचं काय वाईट झालंय का?"

"ह्याचं होईल."

"किती गं जपतेस!" काकींनी शहाळं परत पिशवीत घातलं. "सर, नशीब काढलंत हो. अशी बहीण मिळायची नाही. पडून राहा तुम्ही, काय लागलं तर ही आहे."

"आहे की," दादा म्हणाला.

हृदय एकदम थांबून कसं चालेल? तिला सावकाश हवं होतं. दुपारी स्वयंपाकघरात उभी राहून ती फोन उघडी आणि पान बघे. आधी देठाशी पिवळं झालं, मग शिरांमधून पसरलं. रोज संध्याकाळी फोन आठवण करी, आज रुग्णाला चालवलं नाही. ती आठवण ती बोटानं बाजूला सारी, आणि तेवढ्या त्या हालचालीत तिला जे सुख होई ते तिला जुई गेल्यापासून कशातच झालं नव्हतं.

दादाचे पाय तिच्या डोळ्यांसमोर बारीक होत गेले. ज्या मांड्यांवर तो पोरांना उभं करून मनोरे रचायचा, त्यांची कातडी सैल पडली. न वापरलेला स्नायू शरीर मोडून खातं, आणि मूत्रपिंडं गेलेल्या माणसाचं शरीर तर रक्तातल्या आम्लामुळे आणखी भराभर खातं. तिनं हे सगळं वाचून ठेवलं होतं. पूर्वी कॉलेजला अभ्यास केला नसेल इतकं ती आता वाचत होती.

मग एका सकाळी डॉक्टर मुजावरांचा फोन आला.

"ताई, पान जवळजवळ तपकिरी झालंय. घरी चालतच नाहीत का ते?"

"दम लागतो त्यांना. बघवत नाही हो."

"तेच! सगळी घरं हेच करतात. प्रेमानं मारतात माणसाला." त्यांनी सुस्कारा सोडला. "कालच्या स्कॅनमध्ये कवच अजून पातळ दिसलं. थोड्या पेशी जिवंत दिसतायत. महिनाभर बघू. नाही धरलं तर कलम काढावं लागेल, दुसरं लावता येत नाही. आणि खरं सांगू का, मशीनवर, असं पडून, त्यांचं हृदय फार दिवस काढणार नाही."

हर्षदानं फोन ठेवला. हात पुसले. हे सांगायला ती खुर्चीसमोर स्टूल ओढून बसली, कारण तिला त्याचा चेहरा नीट बघायचा होता. त्या चेहऱ्यावर भीती कुठून सुरू होते, डोळ्यांतून की ओठांतून, हे बघण्यासाठी तर सगळं चाललं होतं.

"दादा, डॉक्टरांचा फोन होता. कलम वाळत चाललंय म्हणे."

"वाळणारच की."

"म्हणजे?"

"स्नायू नाही वापरला की काय होतं, हे मी जन्मभर पोरांना फळ्यावर काढून शिकवलंय. तुला वाटलं, मला कळायचं नाही?"

"कधीपासून कळतंय?"

"तू माझ्या पायातली चप्पल काढलीस ना, तेव्हाच." तो खिडकीकडे बघत बोलत होता. "जुई गेल्यापासून भाऊबीजेला ओवाळतानासुद्धा तू माझ्याकडं बघत नाहीस. आणि त्या दिवशी माझ्या पायाला हात लावलास. तेव्हा मनात म्हटलं, हं, ठरलं हिचं."

"आणि तरी बसून राहिलास?"

"तू बसवलंस, बसलो. तुझा हक्क आहे, हर्षा. आता फार दिवस नाहीत. तुलाही मोकळं वाटेल, मलाही."

मलाही!

हर्षदा उठून स्वयंपाकघरात गेली. गॅसवर भोपळा उकळत होता. तिनं तो बंद केला. इतके महिने ती त्याला पायरी पायरीनं खाली ढकलत होती असं तिला वाटत होतं. आणि तो मजेत निघाला होता, घरी निघाल्यासारखा. तिनं उकळलेली भाजी, तिनं मापलेलं पाणी, तिनं सारखी केलेली उशी, सगळं तो सुटकेच्या वाटेची शिदोरी म्हणून घेत होता. मेला की संपला. लोक म्हणणार, सरांनी भोगलं आणि गेले, बहिणीनं सोनं केलं. आणि मागे, जुईच्या खोलीत, ती एकटी.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात त्याचे बूट होते.

"ऊठ."

"अगं..."

"ऊठ म्हणते! तू मोकळा व्हायचं नाहीस. मी रोज सकाळी उठून तिची खोली झाडते, माहितीये? मला कोण मोकळं करतंय? तूही रोज उठायचंस. माझ्यासमोर जगायचंस. म्हातारा व्हायचंस."

"आता झेपणार नाही, हर्षा. पाय राहिलेत का बघ."

"नाही झेपलं तर मी धरीन."

तिनं बुटाची नाडी इतकी करकचून बांधली की तो कळवळला.

जयसिंगपूरच्या गल्ल्या सरळ आहेत, कुठूनही बघा, टोक दिसतं. त्यांच्या गल्लीच्या टोकाला शाळेचं फाटक दिसत होतं. तिथवर पोचायला त्याला चार ओट्यांवर बसावं लागलं. फाटकाशी येऊन तो थांबला.

"इथं नको. दुसरीकडं कुठंही चालव."

"इथंच."

मग रोज संध्याकाळी ते दोघं त्या मैदानावर दिसू लागले. खो-खो खेळणारी पोरं "सर आले, सर आले" करत बाजूला होत. तो कडेकडेनं पाय ओढत चाले आणि ती अर्धं पाऊल मागे. टाकीपाशी आलं की तो मान खाली घाली.

"वर बघ," ती म्हणे.

त्याला कसं बसवून ठेवायचं ह्याचा तिनं अभ्यास केला होता. आता त्याला कसं मरू द्यायचं नाही ह्याचा तिनं त्याहून कसून अभ्यास केला. अंथरुणातून उठताना आधी काठावर बसवायचं, मग उभं करायचं. दाब बघायचा. डायलिसिसच्या दिवशी निम्म्यावर थांबायचं. पोटऱ्यांत गोळे येऊन तो रडकुंडीला आला की ती त्याचा पाय मांडीवर घेऊन अंगठा ताणून धरी, आणि गोळा उतरला की म्हणे, "चल." हाताचं बोट धरून भावानं तिला चालायला शिकवल्याची गोष्ट आई सांगायची. ती तिला आठवली की ती त्याचं मनगट आणखी घट्ट धरी. फोनवरचं पान मात्र तपकिरीच होतं. कधीकधी देठाशी हिरवट वाटे, दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही.

एक दिवस टाकीपाशी तो मधेच थांबला. ओठ पांढरे पडले होते. कपाळावर घाम डवरला होता.

"हर्षा, मला बसू दे."

पोरांचा आरडाओरडा चालू होता, पण तिला काही ऐकू येईना. तिची बोटं त्याच्या नाडीवर होती. नाडी दौडत होती, मधेच चुकत होती, पुन्हा दौडत होती. अशी नाडी म्हणजे काय ते तिला पाठ होतं. एक शब्द. तो तिच्या जिभेवर तयार होता, कित्येक वर्षं तयार होता. ती "चाल" म्हणाली असती तर तो चालला असता, हेही तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. तो त्या शब्दाची वाट बघत होता. त्यासाठीच बहुतेक इथवर येत होता. त्याच जागी, त्याच मातीत, आणि मग सगळं फिटलं.

"बस," हर्षदा म्हणाली.

तो बघतच राहिला.

"बस म्हणते ना! खाली बस. डोकं गुडघ्यात घाल. लांब श्वास घे." तिनं त्याला खांद्याला धरून मातीत बसवलं, फोनवरून केंद्राला कळवलं, आणि गाडी येईपर्यंत नाडी सोडली नाही. दादा तेव्हा रडला. निरोप समारंभालासुद्धा न रडलेला माणूस, लहान पोरासारखा, शाळेच्या पोरांसमोर. ती त्याला रडू देत होती. पाठीवर हात मात्र तिनं फिरवला नाही.

"घाबरायचं कारण नाही," तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या. "पोटॅशियम थोडं चढलं होतं. वेळेवर थांबवलंत. अजून एक फेरी मारली असती तर संपलं होतं."

"माहितीये मला," हर्षदा म्हणाली.

"पुन्हा चालवाल ना? की आता भीती वाटणार?"

"परवापासून."

त्या महिन्याच्या शेवटी पान देठाशी हिरवं झालं आणि हिरवंच राहिलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते टोकापर्यंत भरलं. स्कॅनमध्ये वाटाण्याच्या जागी लिंबाएवढा गोळा दिसत होता आणि भोवती वाहिन्यांचं दाट जाळं. त्याला मूत्राशयाशी जोडणारी बारीक नळी बसवली. आठवड्याच्या तीन डायलिसिसचं एक झालं, मग तेही बंद झालं. डॉक्टरांनी दादाला अख्खा तांब्याभर पाणी पिऊ दिलं. तो ते घटाघटा न पिता थेंबाथेंबानं पीत राहिला, कुणीतरी शिक्षा वाचून दाखवावी तसा चेहरा करून.

"आता किती वर्षं?" हर्षदानं विचारलं.

"अशीच चालवत राहिलात तर? वीस, पंचवीस. सर आपल्या घरी राहायला जाऊ शकतात आता, पाहिजे तर."

"नाही. ते माझ्याकडेच राहतील."

डॉक्टर मुजावर तिच्यावर इतक्या खूश होत्या की नव्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलायला त्यांनी तिला मुद्दाम बोलावलं. केंद्राच्या छोट्या सभागृहात बायका बसल्या होत्या, काही पुरुष, एक म्हातारी आजी. बहुतेकांच्या पिशव्यांतून चादरीचं, उशीचं टोक डोकावत होतं. दादा मागे भिंतीशी उभा होता. हर्षदानं तब्येतीचे नियम सांगितले, हळू उठवायचं, नाडी कशी मोजायची, कधी थांबवायचंच. आवाज नेहमीसारखा शांत.

सांगून झालं तेव्हा पुढच्या रांगेतली एक तरुण बाई चाचरत उभी राहिली. नवऱ्याला कलम लावून आठवडा झाला होता.

"ताई, ह्यांच्या पायात गोळे येतात हो. पाया पडतात माझ्या, म्हणतात, आज नको. मला बघवत नाही, मी झोपवते त्यांना परत." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही इतके महिने रोज बघितलंत. सख्खा भाऊ तो. कसं बघवलं तुम्हाला?"

हर्षदानं भिंतीकडे नजर टाकली. दादा तिच्याकडेच बघत होता. त्यानं मान खाली घातली नव्हती.

"मला बघायचंच होतं," ती म्हणाली.

सभागृहात कुणीतरी नाक ओढलं. आजीनं हात जोडले. मग एकीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी वाजवल्या. भिंतीशी उभ्या असलेल्या दादानंही वाजवल्या.